घर फिरलं की वासेही फिरतात: जठरातला एक जिवाणू, त्याचे शेजारी आणि कर्करोग

२०२५ च्या जुलैमध्ये एक बातमी आली आणि फारशी चर्चा न होता मागे पडली. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १८५ देशांची आकडेवारी घेऊन एक हिशेब मांडला होता. २००८ ते २०१७ या दहा वर्षांत जन्मलेल्यांपैकी सुमारे १ कोटी ५६ लाख जणांना पुढे कधी ना कधी जठराचा कर्करोग होईल, आणि त्यातल्या ७६ टक्के रुग्णांच्या बाबतीत मूळ कारण एकच असेल: हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जिवाणू. आज आहे तीच परिस्थिती पुढेही राहिली तर, अशी अट अर्थातच त्या हिशेबाला आहे.

वाचून गोंधळायला होतं. आपल्या डोक्यात आजारांची दोन वेगळी खाती असतात. जिवाणू म्हटलं की ताप, जुलाब, जखमेत पू, आठवडाभराच्या गोळ्या आणि सुटका. कर्करोग म्हटलं की तंबाखू, आनुवंशिकता, वय, नशीब. पहिल्या खात्यातलं नाव दुसऱ्या खात्यात कसं आलं?

त्यावर आणखी दोन कोडी. एक, या जिवाणूचा संसर्ग जगातल्या जवळपास निम्म्या माणसांना आहे आणि त्यातल्या बहुतेकांना कर्करोग होत नाही. दोन, ज्यांना होतो त्यांच्या जठराचा तुकडा तपासला तर हा जिवाणू पुष्कळदा तिथे जेमतेम उरलेला असतो, कधी नसतोच. तिथे भलतेच जिवाणू नांदत असतात. मग दोष कुणाचा धरायचा?

मला यातलं दुसरं कोडं जास्त महत्त्वाचं वाटतं. ते उलगडलं की पहिलंही बरंचसं उलगडतं.

## पोट म्हणजे नेमकं कोणतं

'पोट' हा शब्द आपण फार सैल वापरतो. पोट दुखतं, पोट सुटतं, पोट साफ होत नाही, कुणाच्या पोटात एक आणि ओठात दुसरंच असतं. यात आतडी, चरबी आणि स्वभाव सगळंच आलं. इथे आपल्याला फक्त जठर हवं आहे: अन्ननलिका संपते तिथपासून लहान आतडं सुरू होतं तिथपर्यंतची स्नायूंची वाकडी पिशवी.

या पिशवीची खासियत म्हणजे तिच्यातलं ॲसिड. आम्लता मोजायची जी पट्टी असते तिच्यावर शुद्ध पाणी ७ वर येतं. आकडा खाली जाईल तसं द्रव जास्त आम्लधर्मी, आणि प्रत्येक अंकाला तीव्रता दहापट वाढते. उपाशी जठराचा आकडा असतो १ ते २. म्हणजे पाण्याच्या तुलनेत लाखपट किंवा त्याहून जास्त. या ॲसिडमध्ये अन्नाचं पचन सुरू होतं, पण त्याचं दुसरं कामही तितकंच मोलाचं आहे. प्रत्येक घासाबरोबर, लाळेच्या प्रत्येक घोटाबरोबर तोंडातून असंख्य जिवाणू खाली उतरतात, आणि ॲसिड त्यातल्या बहुतेकांचा तिथेच निकाल लावतं. आतड्यांच्या दारावरचा पहारेकरीच म्हणा ना.

हा पहारेकरी स्वतः भाजत कसा नाही? कारण जठराच्या आतल्या अस्तरावर बुळबुळीत श्लेष्माचा थर असतो. एक मिलिमीटरही जाड नसेल, पण त्याच्या वरच्या अंगाला तीव्र ॲसिड आणि तळाला, पेशींना लागून, जवळपास पाण्याइतकी सौम्य परिस्थिती असते. ही तळाची जागा लक्षात ठेवा. सगळी गोष्ट तिथूनच सुरू होते.

## 'इथे कुणी राहूच शकत नाही'

इतक्या ॲसिडमध्ये जीव कसा तगणार, असं शास्त्रज्ञांनाही वाटायचं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपातल्या काही संशोधकांना कुत्र्यांच्या आणि माणसांच्या जठरात नागमोडी जिवाणू दिसले होते. पण १९५४ मध्ये एका अमेरिकी डॉक्टरने हजाराहून जास्त रुग्णांच्या जठराचे तुकडे तपासले आणि त्याला असले जिवाणू आढळले नाहीत. प्रश्न मिटला, जठर निर्जंतुक ठरलं. एकदा का एखादी गोष्ट पाठ्यपुस्तकात गेली की ती डोळ्यांना दिसत असूनही न दिसायला लागते, याचं हे चांगलं उदाहरण.

१९७९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात रॉबिन वॉरन या पॅथॉलॉजिस्टला (शरीराचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासून रोग ओळखणाऱ्या डॉक्टरला) सूज आलेल्या जठराच्या तुकड्यांवर वाकडे जिवाणू दिसू लागले. १९८१ मध्ये बॅरी मार्शल हा तरुण डॉक्टर त्याच्या जोडीला आला. हे जिवाणू प्रयोगशाळेत वाढवायचे तर बशीत दोन दिवसांत काहीच उगवायचं नाही, मग बशी फेकून दिली जायची. १९८२ च्या ईस्टरच्या सुट्टीत बशा चुकून पाच दिवस तशाच राहिल्या, आणि वसाहती उगवल्या. हा जिवाणू मुळातच सावकाश वाढणारा निघाला.

तरीही डॉक्टरमंडळी मानेनात. १९८४ मध्ये मार्शलने आपलं जठर निरोगी असल्याची आधी तपासणी करून घेतली आणि मग जिवाणूंचा द्रावच पिऊन टाकला. काही दिवसांत मळमळ, उलट्या सुरू झाल्या आणि तपासणीत जठराला सूज आलेली दिसली. (घरी त्याने बायकोला आधी सांगितलं नव्हतं. त्या संवादाची कल्पना वाचकांनी करावी.) या प्रयोगातून सूज येते एवढंच दिसलं, अल्सर किंवा कर्करोग नव्हे. तो दुवा जुळायला आणखी दहा वर्षं गेली. १९९४ मध्ये कर्करोग संशोधन संस्थेने या जिवाणूला कर्करोगाच्या निश्चित कारणांच्या पहिल्या गटात टाकलं, ज्या गटात तंबाखूचा धूरही आहे. २००५ मध्ये वॉरन आणि मार्शल यांना नोबेल मिळालं.

आकड्यांत हा दुवा सर्वांत स्पष्ट दिसला तो २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जपानी अभ्यासात. १,५२६ रुग्णांवर सरासरी ७.८ वर्षं एंडोस्कोपीने, म्हणजे तोंडातून कॅमेऱ्याची नळी घालून, लक्ष ठेवलं गेलं. त्यातले १,२४६ जण संसर्ग झालेले होते. त्यांच्यापैकी ३६ जणांना जठराचा कर्करोग झाला. संसर्ग नसलेल्या २८० जणांमध्ये एकालाही नाही.

## ॲसिडच्या समुद्रात बिऱ्हाड कसं थाटतो

हेलिकोबॅक्टर पायलोरी (यापुढे नुसतं पायलोरी) कडे युरिएज नावाचं एक विकर असतं. विकर म्हणजे एखादी रासायनिक क्रिया झटपट घडवून आणणारं प्रथिन. हे विकर जठरातला युरिया फोडून अमोनिया तयार करतं. अमोनिया अल्कधर्मी असल्यामुळे जिवाणूच्या भोवतीचं ॲसिड तेवढ्यापुरतं मवाळ होतं. भर पावसात छत्री धरून चालावं तसा तो आपल्यापुरता कोरडा राहतो. अमोनियामुळे श्लेष्मही पातळ होतो. मळसूत्रासारखं अंग आणि शेपटीसारखे तंतू यांच्या जोरावर तो त्या थरातून पोहत तळाशी पोहोचतो, त्या सौम्य जागेत. ॲसिडमध्ये तो राहत नाही, ॲसिड ओलांडून पलीकडे जातो.

संसर्ग बहुतेक वेळा लहानपणी, घरातल्याच माणसांकडून होतो, आणि उपचार केले नाहीत तर सहसा आयुष्यभर टिकतो. शरीराची प्रतिकारशक्ती त्याच्यावर सतत चाल करत राहते पण त्याला हुसकावू शकत नाही. परिणामी जठराच्या अस्तराला कायमची बारीक सूज राहते. बहुतेकांना ती जाणवतही नाही.

सगळे पायलोरी सारखे नसतात. काही वाणांकडे सुईसारखी एक यंत्रणा असते. तिच्यातून ते 'कॅग-ए' नावाचं प्रथिन थेट जठराच्या पेशीत टोचतात. ते आत जाऊन पेशीच्या वाढीच्या सूचनांमध्ये ढवळाढवळ करतं. असे वाण जास्त धोकादायक. पूर्व आशियातल्या कॅग-ए ची पेशीतली पकड पाश्चात्त्य कॅग-ए पेक्षा घट्ट असल्याचं प्रयोगात दिसलं आहे.

## सुजेपासून गाठीपर्यंत

कोलंबियात जन्मलेले पॅथॉलॉजिस्ट पेलायो कोरेआ यांनी १९७५ मध्ये या आजाराची एक वाट आखून दाखवली. तेव्हा पायलोरी कुणाला माहीतही नव्हता, तरी ती वाट आजही जवळपास तशीच शिकवली जाते.

आधी दीर्घकाळची सूज. मग अस्तर झिजायला लागतं: ॲसिड बनवणाऱ्या पेशी मरत जातात आणि त्यांच्या जागी नव्या तयार होत नाहीत. त्यानंतर एक विचित्र टप्पा येतो. जठराच्या अस्तराचे पट्टेच्या पट्टे आतड्याच्या अस्तरासारखे दिसायला लागतात. याला मेटाप्लेशिया म्हणतात. जठर जणू आपली ओळख विसरतं. पुढे काही पेशींची ठेवण बिघडते, आणि थोड्याजणांमध्ये शेवटी कर्करोग. या प्रवासाला बहुधा काही दशकं लागतात आणि प्रत्येक टप्प्यावर बहुसंख्य लोक तिथेच थांबतात. (जठराच्या कर्करोगाचा आणखी एक विखुरलेला प्रकार असतो, तो या पायऱ्या न चढताही होतो. पायलोरीचा संबंध त्याच्याशीही आहे, पण त्याची वाट वेगळी.)

आता झिजण्याच्या टप्प्याकडे पुन्हा एकदा पाहा. तिथे ॲसिड बनवणाऱ्या पेशी गेल्या. ॲसिड कमी झालं. पहारेकरी झोपला.

## घर फिरतं तेव्हा

घर फिरलं की घराचे वासेही फिरतात अशी आपल्याकडे म्हण आहे. जठराच्या बाबतीत ती अक्षरशः खरी ठरते.

निरोगी जठरही पूर्ण रिकामं नसतं हे २००६ मध्ये ठळकपणे पुढे आलं. २३ जणांच्या जठराच्या तुकड्यांतला जनुकीय मजकूर वाचून जिवाणूंचे १२८ प्रकार मोजले गेले. बशीत वाढवून पाहायची जुनी पद्धत यातल्या कित्येकांना पकडूच शकली नसती. एखाद्या जागेतल्या सूक्ष्मजीवांच्या या सगळ्या वस्तीला मायक्रोबायोम म्हणतात. निरोगी जठरातली वस्ती विरळ असते आणि तिच्यात तोंडातून आलेले वाटसरू बरेच असतात: आले, थोडे टिकले, खाली गेले किंवा मेले. पायलोरी असेल तर मात्र तोच वस्तीवर राज्य करतो. काही जठरांत जवळजवळ सगळे नमुने त्याचेच निघतात.

ॲसिड ओसरलं की हे चित्र बदलतं. स्ट्रेप्टोकोकस, प्रीव्होटेला, व्हेलोनेला अशी तोंडात राहणारी मंडळी, शिवाय लॅक्टोबॅसिलससारखे जिवाणू आता जठरात नुसते थांबत नाहीत, मुक्काम ठोकतात. आणि पायलोरी? त्याची सगळी हत्यारं ॲसिडवाल्या जठरासाठी घडलेली. आतड्यासारख्या झालेल्या अस्तरावर त्याला धड चिकटताही येत नाही, आणि नव्या गर्दीशी स्पर्धाही करावी लागते. त्यानेच बिघडवलेल्या घरात त्याची संख्या घटते, कधी तो नाहीसाही होतो.

दुसऱ्या कोड्याचं उत्तर हे. आग लावणारा निघून गेल्यावर आपण राख तपासत असतो.

याचा एक व्यावहारिक परिणाम होतो आणि तो फारसा सांगितला जात नाही. ज्याच्या जठराचं अस्तर खूप झिजलं आहे, त्याचा पायलोरीचा रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी संसर्ग कधी झालाच नव्हता असा अर्थ निघत नाही. उलट, जिवाणूला राहायला जागा उरली नसेल इतकं नुकसान झालेलं असू शकतं. म्हणून अशा वेळी डॉक्टर नुसत्या एका रिपोर्टवर न थांबता अस्तराचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात.

## नवे भाडेकरू गुन्ह्यात सामील आहेत, की नुसते बघे?

इथे कुणीही शंका काढेल: घर पडीक झालं की त्यात पाली-कोळी येतातच, त्यांनी घर पाडलं असं थोडंच म्हणतो आपण? शंका रास्त आहे. आजारी जठरात वेगळे जिवाणू सापडणं ही एक गोष्ट, आणि त्यांनी आजार पुढे ढकलणं ही दुसरी. नुसतं सापडण्यावरून कारण ठरत नाही.

२०१८ मध्ये पोर्तुगालमधल्या ५४ कर्करोगाच्या आणि ८१ दीर्घकाळ सूज असलेल्या रुग्णांची तुलना प्रसिद्ध झाली. कर्करोगाच्या रुग्णांत पायलोरी कमी होता, जिवाणूंची विविधता घटली होती, आणि जे होते त्यांच्यात नायट्रोसो संयुगं तयार करू शकणाऱ्या जनुकांचं प्रमाण जास्त दिसत होतं. नायट्रोसो संयुगं म्हणजे पेशीच्या डीएनएला इजा करू शकणारी रसायनं. अन्न-पाण्यात नायट्रेट असतं. काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात आणि त्यातून पुढे ही संयुगं बनू शकतात. ॲसिड कमी झालेल्या जठरात असा कारखाना उभा राहतो ही कल्पना कोरेआंनीच फार पूर्वी मांडली होती. पटण्याजोगी आहे, पण अशा तुलनेतून ती सिद्ध होत नाही.

कारण आणि लक्षण यातला फरक करायचा तर प्रयोग हवा, आणि तो माणसांवर करता येत नाही. म्हणून उंदीर. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात जठराचा कर्करोग सहज होणाऱ्या एका वाणाचे उंदीर घेतले होते. काही उंदीर संपूर्ण निर्जंतुक वातावरणात वाढवलेले, ज्यांच्या अंगात एकही जिवाणू नाही. त्यांना फक्त पायलोरीची लागण केली. दुसऱ्या गटात नेहमीचे मिश्र जिवाणू होते आणि वर पायलोरी. दोन्हीकडे जठराला सूज आली, पण एकट्या पायलोरीवाल्या उंदरांत कर्करोगाकडे जाणारे बदल बरेच उशिरा आणि सौम्य दिसले. साथीदार असले की काम लवकर उरकतं, असा त्याचा अर्थ.

आणि २०२४ मध्ये हाँगकाँगच्या संशोधकांनी आणखी पुढचं दाखवलं. जठराच्या कर्करोगात वारंवार सापडणारा स्ट्रेप्टोकोकस ॲन्जिनोसस हा तोंडातला जिवाणू त्यांनी उंदरांना दिला, पायलोरीशिवाय. दोन आठवड्यांत सूज आली. वर्षभर संसर्ग राहिलेल्यांमध्ये अस्तर झिजलं, पेशींची ठेवण बदलली. म्हणजे कोरेआंच्या वाटेवरचे बरेच टप्पे त्याने एकट्यानेच गाठले. हा जिवाणू जठराच्या पेशीवरच्या एका विशिष्ट प्रथिनाला पकडतो हेही त्यांनी शोधून काढलं.

उंदरांचं जठर माणसाचं नव्हे, हे विसरायचं नाही. पण माझ्या मते नव्या भाडेकरूंना आता नुसते बघे म्हणता येणार नाही. दार फोडणारा पायलोरी, आणि उघड्या दारातून आलेल्यांपैकी काहींनी आतली मोडतोड चालू ठेवली, असं चित्र पुराव्यातून उभं राहतंय.

## निम्म्या जगाला संसर्ग, मग कर्करोग इतक्या थोड्यांना का?

संसर्ग झालेल्यांपैकी साधारण १ ते ३ टक्के लोकांनाच पुढे जठराचा कर्करोग होतो, असं नेहमी सांगितलं जातं. देशोदेशी हा आकडा बदलतो आणि का बदलतो हे पाहायला पुन्हा कोलंबियात जावं लागतं.

कोलंबियाच्या नैऋत्येला नारिन्यो नावाचा प्रांत आहे. त्यात पॅसिफिकच्या किनाऱ्यावर तुमाको हे गाव आणि अँडीज पर्वतात तुकेरेस. दोन्ही ठिकाणी दहापैकी सुमारे नऊ प्रौढांना पायलोरीचा संसर्ग. पण जठराच्या कर्करोगाचं प्रमाण डोंगरातल्या तुकेरेसमध्ये तुमाकोच्या सुमारे २५ पट. प्रांत एक, जिवाणू एक, आणि फरक एवढा!

२०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात माणसांची आणि त्यांच्या जठरातल्या पायलोरीची वंशावळ शेजारीशेजारी ठेवून पाहिली गेली. किनाऱ्यावरच्या लोकांचे पूर्वज मुख्यतः आफ्रिकेतले आणि त्यांच्या जिवाणूंमध्येही आफ्रिकी वंशाचा वाटा मोठा. डोंगरातले लोक मुख्यतः मूळ अमेरिकी वंशाचे, आणि त्यांच्या पोटातले जिवाणू युरोपातून आलेले. जिथे माणूस आणि जिवाणू यांची जुनी ओळख होती तिथे नुकसान कमी, जिथे ओळख नव्हती तिथे जास्त. पुढे या दोन गावांतल्या जठरातल्या इतर सूक्ष्मजीवांतही फरक आढळले. शिवाय किनाऱ्यावर आतड्यातल्या जंतांचं प्रमाण जास्त, आणि जंतांमुळे प्रतिकारशक्तीचा सूर बदलून जठराची सूज निवळते असाही एक विचार आहे. एका कारणाने २५ पट फरक पडला असेल असं मला वाटत नाही.

माणसाची स्वतःची जनुकंही मोजावी लागतात. २०२३ मध्ये जपानमधून आलेल्या एका मोठ्या अभ्यासाने डॉक्टरांनाही चकित केलं. डीएनए तुटला की तो जोडणाऱ्या काही जनुकांमध्ये दोष असेल (स्तनांच्या कर्करोगामुळे गाजलेली बीआरसीए जनुकं यातलीच) आणि पायलोरीचा संसर्गही असेल, तर वयाच्या ८५ पर्यंत जठराचा कर्करोग होण्याची शक्यता ४५.५ टक्के निघाली. संसर्ग आहे पण जनुकीय दोष नाही, अशांमध्ये १४.४ टक्के. पायलोरीमुळे पेशींतला डीएनए तुटतो हे आधीपासून माहीत होतं, त्यामुळे हिशेब जुळतो: एक तोडतो आणि दुरुस्ती करणारा गैरहजर. याखेरीज खूप खारवलेलं अन्न आणि धूम्रपान हेही धोका वाढवतात.

## हजारो वर्षं सोबत आहे, तर असू द्या की

हा आक्षेप काही अडाणी नाही, मोठ्या शास्त्रज्ञांनीही तो घेतला आहे. आधुनिक माणूस आफ्रिकेतून बाहेर पडला, सुमारे ६० हजार वर्षांपूर्वी, तेव्हाही पायलोरी त्याच्या पोटात होता असं जिवाणूंच्या जनुकांवरून दिसतं. आल्प्सच्या बर्फात १९९१ मध्ये सापडलेल्या ५,३०० वर्षांपूर्वीच्या माणसाच्या जठरातूनही २०१६ मध्ये त्याचा जनुकीय आराखडा मिळाला. इतका जुना सोबती उगाच कसा असेल?

अमेरिकेतले संसर्गरोगतज्ज्ञ मार्टिन ब्लेझर यांनी हा मुद्दा लावून धरला. पायलोरी नसलेल्यांमध्ये अन्ननलिकेच्या खालच्या भागाचा एक कर्करोग आणि लहानपणचा दमा तुलनेने जास्त आढळतो, असे अभ्यास आहेत. ॲसिड टिकून राहिलं की ते वर उसळून अन्ननलिकेला भाजतं, हे पटण्यासारखं आहे. दम्याच्या बाबतीत निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत.

माझं मत सांगायचं तर जुनं नातं म्हणजे चांगलं नातं असा नियम नाही. पायलोरीचं मोठं नुकसान बहुधा उतारवयात होतं, मुलंबाळं होऊन गेल्यावर. उत्क्रांतीला त्याची फिकीर करायचं कारणच पडलं नाही. आज माणसं ऐंशीपर्यंत जगतात.

## मग सरसकट सगळ्यांना औषध का देत नाहीत?

तैवानच्या मात्सू बेटांवर २००४ पासून नेमकं हेच केलं. तिशीपुढच्या सगळ्यांची तपासणी आणि संसर्ग असेल त्याला उपचार. संसर्गाचं प्रमाण ६४ टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर आलं आणि जठराच्या कर्करोगाचं प्रमाण आधीच्या काळाच्या तुलनेत ५३ टक्क्यांनी घटलं. जपानने २०१३ पासून नुसत्या दीर्घकालीन सुजेसाठीही हा उपचार सरकारी विम्यात आणला. दुसरीकडे चीनच्या लिनचू भागात सुमारे १ लाख ८० हजार लोकांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२४ मध्ये आले, त्यात जवळपास १२ वर्षांनी कर्करोगात घट दिसली फक्त १४ टक्के.

इतका फरक का? लोक वेगळे, पद्धत वेगळी, आणि मात्सूचा ताळेबंद आधीच्या काळाशी ताडून काढलेला. शिवाय एक गोष्ट आता सरळ समजेल: घर फिरण्याआधी पायलोरीला काढलं तर फायदा मोठा. मेटाप्लेशिया होऊन गेल्यावर काढलं तर धोका कमी होतो, पण संपत नाही, कारण अस्तर बदललेलंच असतं आणि नवी वस्तीही पुष्कळदा जागा सोडत नाही. म्हणून अशा रुग्णांना जिवाणू गेल्यानंतरही ठरावीक काळाने एंडोस्कोपी करून घ्यायला सांगतात. 'जंतू गेला, आता कशाला नळी?' हा प्रश्न मग पडू नये.

सरसकट औषधाची किंमतही आहे. उपचार म्हणजे ॲसिड दाबणारी गोळी आणि दोन किंवा जास्त अँटिबायोटिकं, बहुधा १४ दिवस. त्याने आतड्यातली वस्ती ढवळून निघते. बरीचशी पुढच्या काही महिन्यांत सावरते, काही बदल रेंगाळतात. त्याहून मोठी भीती औषधाला न जुमानणाऱ्या जिवाणूंची. क्लॅरिथ्रोमायसिन या नेहमीच्या औषधाला दाद न देणाऱ्या पायलोरीला जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्येच तातडीने नवी औषधं हवी असलेल्यांच्या यादीत टाकलं होतं. कोट्यवधी लोकांना एकाच वेळी अँटिबायोटिक देणं हा त्या आगीत तेल ओतण्याचा प्रकार होऊ शकतो, आणि त्या औषधाचा परिणाम पायलोरीपुरता राहत नाही.

म्हणून बहुतेक ठिकाणी मधला मार्ग आहे. अल्सर झालेले, आई-वडील किंवा भावंडांपैकी कुणाला जठराचा कर्करोग झालेला, अस्तर झिजल्याचं निदान झालेले, अशांची आधी तपासणी आणि संसर्ग सापडला तर उपचार.

## आणि ॲसिडिटीच्या गोळ्या?

इथवर वाचलेल्यांपैकी अनेकांच्या मनात हा प्रश्न येऊन गेला असणार. ॲसिड कमी झालं की नको ते जिवाणू येतात, मग ॲसिड दाबणाऱ्या गोळ्या वर्षानुवर्षं घेणाऱ्यांचं काय? त्यांच्या जठरात तोंडातले स्ट्रेप्टोकोकस वाढतात हे खरं आहे. कर्करोगाशी संबंध दाखवणारे अभ्यासही आहेत, पण या गोळ्या घेतात तीच माणसं ज्यांचं जठर आधीपासून कुरकुरत असतं. त्यामुळे गोळीने रोग आणला की रोगाने गोळी आणली हे वेगळं काढणं अवघड जातं. आणि गोळीने ॲसिड दाबलेलं निरोगी अस्तर म्हणजे झिजलेलं अस्तर नव्हे. एक मात्र ठरलेलं आहे: पायलोरी असताना अशा गोळ्या दीर्घकाळ घेतल्या तर सूज जठराच्या वरच्या, ॲसिड बनवणाऱ्या भागाकडे सरकते. त्यामुळे ज्यांना त्या कायमच्या घ्यायच्या आहेत त्यांनी पायलोरीची तपासणी करून घ्यावी, असं मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. मनाने गोळी बंद करू नये, हेही.

## तपासणी करायची तर

सर्वांत सुटसुटीत तपासणी श्वासाची. तिच्यात जिवाणूचं हत्यार त्याच्यावरच उलटवलेलं आहे. वेगळ्या वजनाचा कार्बन असलेला युरिया प्यायला देतात. पायलोरी असेल तर त्याचं युरिएज तो फोडतं आणि तो कार्बन उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडमध्ये पकडला जातो. दुसरा पर्याय शौचाच्या नमुन्याचा. ॲसिड दाबणाऱ्या गोळ्या चालू असतील तर जिवाणू दबून राहतात आणि रिपोर्ट खोटाच निगेटिव्ह येतो, म्हणून त्या डॉक्टरांना विचारून दोन आठवडे आधी थांबवाव्या लागतात. अँटिबायोटिक संपून चार आठवडे झालेले असावे लागतात.

उपचाराचा कोर्स संपल्यावरही किमान चार आठवड्यांनी हीच तपासणी पुन्हा करायची असते. बरेच जण पोट शांत झालं की ती टाळतात. पण बरं वाटणं आणि जिवाणू जाणं यांचा फारसा संबंध नाही. त्याच्यासोबत अनेक वर्षं काढतानाही बहुतेकांना बरंच वाटत असतं. आणि ही फेरतपासणी रक्ताची करून चालत नाही. रक्तात सापडतात ती जिवाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं (अँटिबॉडीज). जिवाणू गेल्यावरही ती महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षं रक्तात राहतात.